वाचकांचे प्रश्न : साडी नेसून विमान चालवता येतं का?

मागच्या अंकात आम्ही सरला ठकराल यांच्यावर चार ओळी छापल्या होत्या. १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लाहोर फ्लाइंग क्लबचं जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवणारी बाई. अंगावर साडी, घरी चार वर्षांची मुलगी. त्या चार ओळींवर निपाणीपासून खानापुरापर्यंत पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलेल्या पत्रांना कात्री लावली आहे.

प्रश्न : आमच्या मराठी शाळेत ८ मार्चला सरलाबाईंवर देखावा करायचा आहे. मुली विचारतात, साडी नेसून विमान चालवता येतं का? पदर उडत नाही का? विमानाची प्रतिकृतीही करणार आहोत. मापं आणि काय काय दाखवावं ते कळवावं. — एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : येतं, पण पदर मोकळा सोडून नाही. जिप्सी मॉथला छप्पर नसतं. एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका, समोर वीतभर काच, आणि पंख्याचा वारा थेट तोंडावर. ताशी १३० किलोमीटरच्या वाऱ्यात मोकळा पदर क्षणभर टिकणार नाही. तो आवळून कमरेला खोचायचा आणि वरून पट्टे घट्ट करायचे, म्हणजे हलत नाही.

खरी अडचण निऱ्यांची. मॉथमध्ये पायाशी रडर बार असतो, म्हणजे मधोमध खिळलेली आडवी दांडी. डावा पाय पुढे रेटला की नाक डावीकडे वळतं, उजवा रेटला की उजवीकडे. निऱ्या तिच्यात अडकल्या तर ऐन उतरताना पाय हलणार नाही. शिवाय दोन गुडघ्यांमधून कंट्रोल स्टिक वर आलेली असते. उतरताना ती पार पोटापर्यंत ओढावी लागते. मध्ये निऱ्यांचा बोंगा आला तर शेपूट वेळेवर खाली बसत नाही, विमान पुढच्या चाकांवर आपटून उसळतं. तेव्हा साडी घोट्याच्या वर आणि निऱ्या मांडीखाली दाबलेल्या, असं दाखवा. या कामाला पाचवारीपेक्षा नऊवारीचा काष्टा सरस ठरला असता, हे आमचं मत.

प्रतिकृतीला १:१० प्रमाण सोयीचं. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ९.१४ मीटर, लांबी सुमारे ७.३ मीटर, उंची २.७ मीटरच्या आसपास. म्हणजे तुम्हाला ९१ सेंटिमीटर, ७३ सेंटिमीटर आणि २७ सेंटिमीटर धरायचे आहेत. धड प्लायवूडचं, पंख लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचे. कापडाला डोप नावाचं लुकण लावत. ते वाळताना आकसतं आणि कापड ढोलकीच्या पानासारखं तट्ट बसतं. शाळेत बांबूच्या कामट्या, जुनं सुती कापड आणि घट्ट खळ यावर काम भागेल. खळीचे हात दोन द्या, पण पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको, नाहीतर कामट्या वाकतात आणि पंख पिळला जातो.

अशा देखाव्यांत तीन चुका हमखास होतात. पहिली, बाईंना पुढच्या बैठकीत बसवतात. मॉथ एकट्याने उडवताना मागच्या बैठकीत बसायचं असतं. पुढची बैठक विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ आहे, ती रिकामी राहिली तरी तोल बिघडत नाही. मागची रिकामी राहिली तर बिघडतो. दुसरी चूक, नाकाखाली तिसरं चाक लावतात. मॉथला पुढे दोनच चाकं असत आणि शेपटीखाली घसरती पट्टी. ब्रेक नव्हते, विमान थांबायचं ते त्या पट्टीच्या घासण्याने आणि गवताने. तिसरी, कानाला रेडिओचे हेडफोन. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात बोलण्याची एक रबरी नळी असे, बस्स. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध दाखवा. पेट्रोल वरून खाली आपोआप उतरे, पंपाची भानगड नव्हती.

इंजिन सुरू करण्याचा प्रसंग मुलींकडून करून घ्या, त्यात नाट्य आयतं आहे. चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. पंख्यासमोर उभी असलेली मुलगी ओरडेल, ‘स्विच बंद, पेट्रोल चालू, थ्रॉटल मिटलेला?’ वैमानिक तेच शब्द परत उच्चारेल. (थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणारी दांडी.) मग पहिली मुलगी पंखा हाताने सावकाश फिरवेल, म्हणजे पेट्रोलची वाफ सिलिंडरमध्ये ओढली जाते. नंतर ‘कॉन्टॅक्ट!’, वैमानिक स्विच वर करेल, आणि पंख्याला एक जोरदार हिसका देऊन ती मागे सरकेल. पुढे नाही, मागे. शब्द परत उच्चारायचे ते शोभेसाठी नव्हेत. स्विच चालू राहिलेला असताना कोणी पंखा फिरवला तर इंजिन अवचित सुरू होतं आणि हात जातो. थ्रॉटल उघडा राहिला तर विमान ठोकळ्यांवरून उडी मारतं. उन्हाळ्यात इंजिनात पेट्रोल जास्त झालं तर स्विच बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून पंखा उलटा फिरवत आणि जादा वाफ बाहेर काढत.

देखाव्याचा शेवट लायसन्सपाशी करू नका, एवढी विनंती. सरलाबाईंनी पुढे हजार तासांचं उड्डाण पूर्ण केलं. व्यावसायिक लायसन्सची तयारी चालू असताना १९३९ मध्ये त्यांचे वैमानिक पती विमान अपघातात गेले, आणि पाठोपाठ महायुद्धामुळे नागरी प्रशिक्षण थांबलं. त्या लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या. फाळणीनंतर मुलींना घेऊन दिल्लीत आल्या आणि कापडाच्या, दागिन्यांच्या डिझाइनवर पोट भरलं. विमानाचं दार बंद झाल्यावर बाईंनी काय केलं, हे आठवीतल्या मुलींना कळलेलं बरं.

प्रश्न : मुलगी पायलट व्हायचं म्हणते. भावकीत सगळे म्हणतात, ‘बाईमाणसाला एवढं धाडस कशाला?’ त्या पहिल्या बायकांना भीतीच वाटत नव्हती काय? — एक पालक, शहापूर, बेळगाव

उत्तर : भीती वाटत नाही म्हणणारा वैमानिक, बाई असो की पुरुष, त्याच्या विमानात बसू नये. त्या बायकांकडे होतं ते वेगळंच. काय बिघडू शकतं याची यादी, आणि त्यातलं एकेक बिघडत गेल्यावर उरलेल्या साधनांवर निर्णय घेण्याची सवय.

एमेलिया एअरहार्टची १९३२ ची रात्र बघा. २० मेच्या संध्याकाळी न्यूफाउंडलंडच्या हार्बर ग्रेसहून ती लॉकहीड व्हेगा या एका इंजिनाच्या विमानातून एकटी निघाली. अटलांटिक एकटीने पार करणारी पहिली बाई तिला व्हायचं होतं. चार वर्षांपूर्वी, १९२८ मध्ये, तिने तोच समुद्र ओलांडला होता, पण प्रवासी म्हणून. चालवणारे दोघे पुरुष. बटाट्याच्या पोत्यासारखी गेले, असं ती स्वतःच म्हणायची. यावेळी विमानाच्या धडाला मजबुती दिली, जादा टाक्या बसवल्या, आणि अंधारात निव्वळ उपकरणांवर उडण्याचा सराव केला. यातलं शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण पुढे रात्रभर बाहेर बघण्यासारखं काही नव्हतंच.

काही तासांत उंचीमापक गेला. काटा नुसताच गरगरू लागला. रात्री, ढगात, समुद्रावर उंची न कळणं म्हणजे खाली किती जागा उरली ते न कळणं. मग एक्झॉस्टच्या जोडावरचं वेल्डिंग फुटलं, त्या फटीतून निळ्या ज्वाळा दिसायला लागल्या. ढगातून वर जावं म्हणून चढली तर पंखांवर बर्फ धरलं. बर्फाचं वजन ही त्यातली धाकटी अडचण. पंखाची वरची गोलाई बिघडली की त्याची उचल घटते, आणि ज्या वेगात विमान एरवी तरंगतं त्याच वेगात ते कोसळतं. तसंच झालं, विमान भोवऱ्यात सापडून, म्हणजे गरगर फिरत, खाली आलं. ती त्यातून बाहेर पडली तेव्हा लाटा डोळ्यांना दिसत होत्या.

भोवऱ्यातून बाहेर येण्याची रीत आजही शिकवतात ती अशी : थ्रॉटल मिटायचा, स्टिक मध्यावर आणायची, ज्या बाजूला विमान फिरतंय त्याच्या विरुद्ध रडर पूर्ण दाबायचा, मग स्टिक पुढे. गिरकी थांबली की रडर सरळ करून नाक अलगद उचलायचं. यातलं ‘स्टिक पुढे’ सगळ्यांत अवघड. जमीन अंगावर येत असताना हात आपोआप मागे ओढतो, आणि मागे ओढलं की भोवरा आणखी पक्का होतो. धाडस म्हणतात ते एवढ्याशा जागेत असतं : हात मागे ओढू पाहतो, तो पुढे न्यायचा.

त्यानंतर तिने मधला मार्ग धरला. फार वर गेलं तर बर्फ, फार खाली तर धुक्यातला समुद्र. म्हणून बर्फ वितळेल इतपत खाली आणि लाटांपासून सुरक्षित वाटेल इतपत वर. पहाटे इंधनमापकातून पेट्रोल ठिबकून मानेवर येऊ लागलं, आणि जवळच फुटलेला एक्झॉस्ट जळत होता. बेत पॅरिसचा होता. तिने तो सोडला, जमीन दिसताच उत्तर आयर्लंडमध्ये लंडनडेरीजवळच्या कल्मोरच्या एका गायरानात विमान उतरवलं. १४ तास ५६ मिनिटं लागली. पॅरिस सोडण्याचा निर्णय या कथेतला सगळ्यांत शहाणा निर्णय आहे. भावकीला सांगायचं तर हे सांगा.

प्रश्न : तीच एमेलिया १९३७ मध्ये बेपत्ता झाली ना? जपान्यांनी पकडलं, बेटावर जगली, असं काय काय वाचायला मिळतं. खरं काय? — वाचक, चिकोडी

उत्तर : पकडल्याचा खात्रीलायक पुरावा नाही. जे नोंदलेलं आहे ते साधं आणि शिकण्यासारखं आहे. त्या जगप्रदक्षिणेत ती जूनमध्ये कराची आणि कलकत्त्यालाही उतरली होती. २ जुलैला न्यू गिनीतल्या ले या गावाहून ती आणि मार्गदर्शक फ्रेड नूनन हाउलंड बेटाकडे निघाले. अंतर ४१०० किलोमीटर. बेट अडीच किलोमीटरसुद्धा लांब नाही.

आता हिशेब करा. वैमानिकांचा ‘साठाला एक’ असा नियम आहे : दिशेत १ अंश चूक झाली तर ६० मैलांवर तुम्ही १ मैल बाजूला जाता. बेळगावहून हैदराबादला निघालात तर ही चूक सात-साडेसात किलोमीटरची. हैदराबाद तेवढ्याने चुकत नाही. ले ते हाउलंड या अंतरात तीच चूक जवळजवळ ७० किलोमीटर होते, आणि बेट बुडाखालून जातं. म्हणून शेवटच्या टप्प्यात रेडिओने दिशा शोधायची, असा बेत होता. बेटाजवळ अमेरिकन तटरक्षक दलाचं इटास्का जहाज त्यासाठीच थांबलं होतं.

घोळ तिथे झाला. जहाजाला तिचं बोलणं ऐकू येत होतं, तिला जहाजाचं ऐकू येत नव्हतं. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर कोण दिशा शोधणार यावर दोन्ही बाजूंचं एकमत नव्हतं. दोघांनाही मोर्स कोड सफाईने येत नव्हता, आणि त्यासाठीची लांब अँटेना त्यांनी आधीच काढून टाकली होती. सकाळी ७:४२ ला तिने कळवलं की आम्ही तुमच्या माथ्यावर असणार पण दिसत नाही, आणि पेट्रोल संपत आलंय. तासाभराने एक संदेश आला, त्यात ज्या रेषेवर उडतोय ती सांगितली होती. त्यानंतर काही नाही. बाई १९३२ मधलीच, धाडसही तेवढंच. रेडिओची तयारी मात्र अपुरी. तिला देवी करून ठेवणाऱ्यांना ही बाजू आवडत नाही.

प्रश्न : मी उद्यमबागेत टर्नर आहे. विमान उडवणाऱ्या बायका दिसतात, पण मशिनला हात लावणारी कोणी होती का? मुलीला त्या बाजूला घालावं म्हणतो. — वाचक, अनगोळ

उत्तर : होती, आणि आमच्या मते ती या सगळ्यांत पक्की. एमी जॉन्सन. लंडनमध्ये कचेरीत नोकरी करत करत ती क्लबच्या शेडमध्ये इंजिनं उघडायला शिकली आणि १९२९ मध्ये ग्राउंड इंजिनिअरचं लायसन्स मिळवणारी पहिली ब्रिटिश बाई झाली. पुढच्याच मे महिन्यात जुन्या जिप्सी मॉथमधून एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली. तोवर तिचं सगळ्यांत लांबचं उड्डाण लंडन ते हल एवढंच, म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आत. अनुभव थोडा, पण इंजिनाचा नट न् नट ओळखीचा.

ते कामाला आलं. वाळूच्या वादळात ती वाळवंटात उतरली, सामान चाकांना टेकवलं आणि वाळू आत जाऊ नये म्हणून इंजिनावर कापड घातलं. कार्ब्युरेटरमध्ये वाळू गेली की जेट तुंबतो, पिस्टन रिंगा झिजतात; हे तुम्हाला सांगायला नको. झाशीला परेड ग्राउंडवर उतरताना पंखाला इजा झाली, रंगूनजवळ मैदानावर उतरून विमान चरीत गेलं. धडाला बांधून आणलेला जादा पंखा तेव्हा उपयोगी पडला. ५ मेला निघालेली ती २४ मेला डार्विनला पोचली.

उलट बाजूचं उदाहरण बेसी कोलमनचं. वैमानिकाचं लायसन्स मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन बाई. ३० एप्रिल १९२६ ला जॅक्सनव्हिलमध्ये तिचा मेकॅनिक विमान चालवत होता आणि ती मागे बसून, वाकून खालची जागा पाहता यावी म्हणून पट्टा सोडून होती. विमान एकाएकी उलटलं, ती बाहेर फेकली गेली. तोही वाचला नाही. आत राहून गेलेला एक पाना कंट्रोलच्या यंत्रणेत अडकला होता. आज विमानाच्या हँगरमध्ये प्रत्येक हत्याराला फळीवर त्याच्या आकाराची जागा आखलेली असते. काम सुरू करताना मोजायची, संपल्यावर मोजायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत, मग कितीही उशीर होवो.

मुलीसाठी रस्ता असा : पीयूसीला (अकरावी-बारावीला) फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, नंतर डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या संस्थेत एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनिअरिंग. यांत्रिक बाजूला बी-१, विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूला बी-२. प्रवेश घेण्याआधी संस्थेचं नाव डीजीसीएच्या यादीत स्वतः तपासा, माहितीपत्रकावर विसंबू नका. आणि सुटे भाग घडवण्यात रस असेल तर हत्तरगीचं एरोस्पेस एसईझेड, म्हणजे विमानाच्या भागांच्या कारखान्यांचं विशेष आर्थिक क्षेत्र, तुमच्या दारातच आहे. तिथे टर्नरच्या मुलीला मायक्रोमीटर म्हणजे काय हे शिकवावं लागणार नाही.

प्रश्न : मुलगी मराठी माध्यमातून एसएसएलसी झाली, आता पीयूसी सायन्सला आहे. पायलटच्या लायसन्सला काय काय लागतं? इंग्रजी कच्चं आहे. — एक पालक, खानापूर

उत्तर : आधी डॉक्टर, मग पैसे. हा क्रम उलटा करणारे फसतात. फी भरून झाल्यावर मेडिकलमध्ये नापास झालेली मुलं दरवर्षी दिसतात. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास २ मेडिकल करून घ्या, आणि तिथेच न थांबता क्लास १ सुद्धा. व्यावसायिक लायसन्सला क्लास १ लागतं. त्यासाठी ठरवून दिलेल्या केंद्रांपैकी बेंगळुरूचं इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन तुम्हाला त्यातल्या त्यात जवळ. तपासणीआधी हिमोग्लोबिन बघून घ्या. मुलींची गाडी बऱ्याचदा तिथेच अडते, आणि ते दोन-तीन महिन्यांत औषध-आहाराने सुधारता येतं.

पीयूसीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं. ते नसलेल्यांना एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून ते दोन विषय देता येतात. या अटीत बदल करण्याची चर्चा आहे, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी डीजीसीएच्या संकेतस्थळावरचा नियम वाचा. स्टुडंट लायसन्स सोळाव्या वर्षी, कमर्शियल लायसन्स अठराव्या वर्षी. कमर्शियलसाठी एकूण २०० तास उड्डाण. त्यात १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर, २० तास गावोगावचा प्रवास (त्यात एक ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून), १० तास उपकरणांवर, ५ तास रात्री. लेखी परीक्षा एअर नेव्हिगेशन, मीटिओरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक या विषयांच्या. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. रेडिओची परीक्षा वेगळी.

आपल्या भागापुरता एक सल्ला. जून ते सप्टेंबर ढग खाली असतात. छोट्या विमानाच्या साध्या उड्डाणाला ५ किलोमीटर तरी दिसलं पाहिजे, ते कित्येक दिवस दिसत नाही. जूनमध्ये प्रवेश घेऊन ‘विमान मिळत नाही’ म्हणत बसण्यापेक्षा पावसाळ्यात लेखी विषय उरका आणि ऑक्टोबरपासून उड्डाणाला लागा.

खर्च चाळीस लाखांच्या पुढेच धरा. एअरलाइनच्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान चालवण्याची परवानगी, त्यावर वेगळं. शाळा निवडताना इमारत बघू नका. आज उडण्याजोगी विमानं किती, विद्यार्थी किती, शिकवणारे किती, एवढे तीन आकडे विचारा. दहा विमानं दाखवतील, त्यातली सहा शेडमध्ये पार्टची वाट बघत असतील. आणि सगळी फी एकदम भरू नका, उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते पाडून घ्या. जी शाळा हे लिहून द्यायला तयार नाही तिच्यापासून दूर राहा.

इंग्रजीचं म्हणाल तर वर उल्लेख आलेली बेसी कोलमन कापूस वेचणाऱ्या घरातली. कृष्णवर्णीय बाईला अमेरिकेतली एकही शाळा घेईना, तेव्हा ती शिकागोत फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि १९२१ मध्ये तिथलं लायसन्स घेऊन आली. तुमच्या मुलीला कादंबरी लिहायची नाही. वैमानिकाला इंग्रजीची निदान चौथी पातळी लागते, म्हणजे रेडिओवर ऐकलेलं बिनचूक परत म्हणणं आणि नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं तर ते साध्या वाक्यांत सांगता येणं. रोज अर्धा तास ऐकून मोठ्याने परत म्हणायचा सराव करा. घरात कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही बोलणाऱ्या मुलीला चौथी भाषा जड जात नाही.

प्रश्न : सांबऱ्याच्या बाजूला राहतो. शिकाऊ विमानं उन्हाळ्यात भल्या सकाळीच का उडतात? आणि शेतावरून जाताना इंजिन बंद पडलं तर? — पीयूसीचा विद्यार्थी, मोदगा

उत्तर : सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २४८७ फूट उंचावर आहे. या उंचीला प्रमाण तापमान १० अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी ३६ अंश असेल तर फरक २६ अंशांचा. दर अंशाला साधारण १२० फूट या हिशेबाने ३१०० फूट वाढतात. म्हणजे विमानाला हवा वाटते ती ५६०० फुटांवरची, विरळ. पंख उचलतो कमी, पंखा ओढतो कमी, इंजिनाला प्राणवायू कमी. सांबऱ्याची धावपट्टी २३०० मीटरची असल्याने छोट्या विमानाला जागा अपुरी पडत नाही, पण वर चढणं मंद होतं. वर दुपारी तापलेल्या काळ्या रानातून उठणारी हवा विमानाला हेलकावे देते. सकाळी सहाला हे सगळं निवांत असतं.

इंजिन बंद पडलं तर पहिलं काम नाक खाली. सेस्ना १७२ सारखं विमान ताशी १२० किलोमीटरच्या आसपास तरंगत ठेवलं तर हजार फुटांवरून अडीच किलोमीटर जातं. उड्डाण करताच बंद पडलं तर समोरच, थोडं डावं-उजवं बघून उतरायचं. मागे वळून धावपट्टी गाठायचा मोह जीवघेणा असतो, कारण वळताना वेग आणि उंची दोन्ही जातात. उंची हाताशी असेल तर आधी जागा निवडायची, मग इंधनाचा कॉक, मिक्स्चर, मॅग्नेटो तपासायचे, टॉवरला ‘मेडे’ सांगायचं, आणि टेकण्याआधी इंधन बंद करून दार किलकिलं करायचं.

जागा कोणती? वरून हिरवागार दिसणारा ऊस फसवा. उभ्या उसात चाकं गुंततात आणि विमान नाकावर पालथं होतं. भातखाचरात बांध. कापणी झालेलं ज्वारी-हरभऱ्याचं रान उत्तम, नांगरलेलं असेल तर नांगराच्या सरींच्या दिशेने, आडवं नाही. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. खांबांची ओळ दिसली की मध्ये तार आहे असंच समजायचं. तुझ्या शेतात कधी विमान उतरलं तर पंख्याच्या समोर जाऊ नको, बिडी-काडी लांब ठेव आणि ११२ ला फोन कर.

प्रश्न : यात आपली मराठी बाई कोणी नाही का? — वाचक, वडगाव

उत्तर : आहे की. सौदामिनी देशमुख. १९८५ मध्ये कलकत्ता ते सिल्चर या मार्गावर इंडियन एअरलाइन्सचं फोकर फ्रेंडशिप विमान सर्व महिला कर्मचाऱ्यांनी नेलं, त्याच्या त्या कप्तान. सहवैमानिक निवेदिता भसीन. मराठी म्हणून नव्हे, पण त्यांच्याही आधीच्या भारतीय वैमानिक म्हणून प्रेम माथुर यांचं नाव घ्यायला हवं. १९४७ मध्ये लायसन्स मिळाल्यावर आठ कंपन्यांनी नाही म्हटलं, मग हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतलं. १९४९ ची राष्ट्रीय हवाई शर्यत त्यांनी जिंकली.

प्रश्न : मला चष्मा आहे. पायलट होता येईल का? — नववीतली विद्यार्थिनी, येळ्ळूर

उत्तर : नागरी विमानाला चष्मा चालतो, चष्मा लावून नजर ठरलेल्या प्रमाणात आली म्हणजे झालं. उडताना दुसरा जादा चष्मा जवळ ठेवावा लागतो. रंग ओळखण्यात दोष असेल तर मात्र अडचण आहे. ती ठिपक्यांच्या चित्रांची तपासणी बेळगावात कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते, पीयूसीला विषय निवडण्याआधी करून घे.